दात असलेलं शेवाळ

शेवाळवाल्या बाई म्हणजे कार्यालयाच्या चेष्टेचा विषय. जन्मभर शेवाळ बघत बसायचं, हेही कुणाच्या नशिबी असावं! पण त्या कामात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःलाही पुरेपूर ठाऊक होतं. तिथंच घात झाला.

दोन शेवाळं, अगदी सख्ख्या बहिणी. एक गटाराच्या काठीही उगवते, तिला कुत्रं विचारत नाही. दुसरी इतकी दुर्मीळ, की बाईंच्या सरांनी चाळीस वर्षं पायपीट करूनही ती कधी दिसली नाही. फरक एवढाच, दुसरीच्या पानाच्या काठाला बारीक दात. पान वाळलं की काठ आत मुडपतो आणि दात लपतात. म्हणून आधी पाण्याचा थेंब, मग सूक्ष्मदर्शक. सरांनी हे डोक्यात ठोकून ठोकून बसवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी जुन्या टाकीची भिंत पाडायची होती. तिथल्या शेवाळात दुर्मीळ काही नाही, असा दाखला साहेबांना जेवणाच्या सुट्टीआधी हवा होता. "हे तर डोळे मिटून सांगते," म्हणत बाईंनी कोरडंच पान पाहिलं. 'सर्वत्र आढळते, संरक्षणाची गरज नाही' लिहिलं आणि सही ठोकली. आठवड्यात भिंत भुईसपाट.

आज कपाट आवरताना त्या भिंतीवरच्या नमुन्याची पुडी हाती आली. बाईंनी सहज थेंब टाकला. पान उलगडलं, हिरवंगार, आणि काठभर दात! बाईंनी पुडी झटकून पाहिली.

पुडीत चिमूटभरच होतं, तेही औषध मारून वाळवलेलं, मेलेलं. चिमूटभर घ्यावं, बाकीचं जागेवर राहू द्यावं, हा सरांचाच नियम. तो मात्र त्यांनी इमानेइतबारे पाळला होता. एकदा हावरटपणा केला असता तर कुंडीत मूठभर तरी जगलं असतं गं बाई!

चारला नेहमीप्रमाणे सरांचा फोन आला. हल्ली ते अंथरुणातच असत.

"काही सापडलं का गं?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं. जीभच वळेना.

"सापडली, सर."

म्हातारा पोरासारखा हसला. "कुठं? मला उचलून ने, पण ने!"

"टाकीच्या भिंतीवर होती."

भिंत पाडल्याचं सरांना माहीत होतं.

"दाखल्यावर सही कुणाची गं?"

"माझी, सर."

"ओलं करून पाहिलं होतंस ना?"

बाई पुडीची घडी घालत राहिल्या. सरांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले, फोन आला नाही. त्यानंतर तो कधीच आला नाही.