न उडालेला रंग

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. जुनं म्हटल्यावर तुम्ही आधी माझ्या पायांकडे बघाल, एखादा डुगडुगतोय का म्हणून. बघा खुशाल. चारही पाय शाबूत आहेत. रंग तर इतका चकचकीत, की कालच आणलंय असं कुणालाही वाटेल. या रंगाचा मला एके काळी फार तोरा होता. आता मात्र कुणी त्याचं कौतुक केलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. असं का, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

एका सुताराने मला घडवलं. दाराच्या चौकटीतून उरलेलं चांगलं लाकूड त्याने माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. काम झाल्यावर तो स्वतः माझ्यावर धप्पकन बसला, दोनदा डुलला आणि म्हणाला, "झकास! हत्ती बसला तरी हलायचं नाही." मग हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. आता आयुष्यभर माझ्यावर माणसं बसणार, दमलेली माणसं टेकणार, या विचाराने मी हरखून गेलो होतो. स्टुलाला आणखी काय हवं असतं?

मला विकत घेतलं एका कापडाच्या दुकानाने. दुकान तीन मजली. खाली चादरी, मधे पडदे, वर सोफ्याची कापडं. मधल्या मजल्यावर काचेच्या लांबलचक काउंटरमागे सहा बायका सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत उभ्या असत. तागे उतरवायचे, उलगडायचे, दाखवायचे, पुन्हा घडी घालून ठेवायचे. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. कामगारांना बसायला जागा द्या, असं सरकारी कचेरीचं पत्र आलं, म्हणून मला आणलं होतं. सहा जणींत एक.

पहिल्याच दिवशी मालकाने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हे बघा, कायदा म्हणतो सोय हवी. सोय झाली. आता गिऱ्हाईक जिना चढून आलं आणि बाई बसलेली दिसली, तर त्याला वाटणार दुकान चालत नाही. कळलं ना?"

सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. माझ्यावर एक जुनी चादर घातली गेली आणि मला काउंटरच्या टोकाला, भिंतीशी सरकवून ठेवलं गेलं.

त्या सहा जणींत जी सगळ्यात जुनी होती, तिला सगळे ताई म्हणत. मालकही म्हणत. मी आलो तेव्हा तिची आठ वर्षं तिथे झाली होती. कापडाला नुसता हात लावून ते धुतल्यावर किती आटेल हे ती सांगायची, आणि ते तेवढंच आटायचं. तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. मागच्या खोलीत पडद्यांना दुमड घालणारे टेलर मास्तर तिच्यासाठी कापडाच्या काठाच्या लांब पट्ट्या फाडून ठेवत. सकाळी ती त्या पट्ट्या पोटऱ्यांना आवळून बांधायची आणि म्हणायची, "मास्तर, तुमच्या जिवावर उभी आहे बघा." मास्तर मशीनवरून मान वर न करता हसत. फार बोलणारा माणूस नव्हता तो.

वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येत. ते येणार हे चार दिवस आधीच ठाऊक असे. त्या दिवशी माझी चादर निघायची, मला ओल्या फडक्याने पुसून काउंटरच्या मधोमध ठेवायचे आणि ताईला माझ्यावर बसवायचे. साहेब बघायचे, कागद पुढे करायचे. त्यावर लिहिलेलं असायचं, 'बसण्याची सोय आहे.' खाली ताईची सही. सगळ्यात जुनी आणि विश्वासाची म्हणून सहीचा मान तिचा! साहेब जिना उतरले की मालक म्हणायचे, "चला, उठा आता." ती उठायची. पुन्हा चादर, पुन्हा भिंत.

अकरा वर्षांत ताई माझ्यावर अकरा वेळा बसली. सगळा वेळ एकत्र केला तर तासभरही भरणार नाही. आणि मी मूर्ख, त्या चादरीखाली स्वतःवरच खूश होतो. बाकीच्या सामानाचे पोपडे निघत होते, काउंटरच्या कडा झिजत होत्या, आणि माझ्यावर एक ओरखडा नाही! किती जपतात मला, असं मला वाटायचं.

मग तो सवलतीच्या विक्रीचा दिवस आला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी तीनच्या सुमारास गर्दी जरा ओसरली. ताईने काउंटरची कड घट्ट धरली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने इकडे तिकडे पाहिलं, माझी चादर बाजूला केली आणि ती माझ्यावर बसली. कुणी न सांगता, पहिल्यांदाच. पडद्याची एक जोडी घडी करायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ. बसल्या बसल्या हातांनी ती घडीच घालत होती. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा क्षण होता.

मालक जिन्यात उभे होते. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पत्र आलं. कामाच्या वेळेत बसून राहिली, कामचुकारपणा केला, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे. तिने ते उभ्यानेच वाचलं. मग मागच्या खोलीत जाऊन मास्तरांना विचारलं, "मास्तर, कामचुकार म्हणजे मी?"

मास्तरांचं मशीन थांबलं. एकोणीस वर्षांची नोकरी तिने एका पिशवीत भरली. त्यात काय होतं? एक कात्री, एक पाण्याची बाटली आणि पट्ट्यांची एक गुंडाळी.

तिने कामगार न्यायालयात दावा लावला. नोकरी परत मिळण्याची तिला फारशी आशा नव्हती. वकीलबाईंना तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "नोकरी गेली तर गेली. तो एक शब्द तेवढा खोडून द्या. माझी मुलगी ते पत्र रोज वाचते हो."

साक्षीसाठी ती मास्तरांकडे आली होती. मागच्या जिन्याच्या दाराशी, माझ्या भिंतीपलीकडेच दोघं उभे होते, मला सगळं ऐकू येत होतं. मास्तर सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेली अंगुस्तानी फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "माझी नोकरीची पाच वर्षं राहिलीत, ताई. घरी हिचं आजारपण. आत्ता मला काढलं तर..."

"राहू द्या मास्तर," ती म्हणाली. "मी सहज विचारलं."

सहज कसलं! पण ती निघून गेली, आणि त्या दिवशी मास्तरांच्या हातून तीन पडद्यांची दुमड वाकडी पडली.

दावा तीन वर्षं रेंगाळला. मालकाने साक्षीला नेलेली दुकानातली एक मुलगी परत येऊन काउंटरमागे रडत सांगत होती, तेव्हा मला तिथली हकीकत समजली. मालकाच्या वकिलाने ते अकरा कागद ताईपुढे एकेक करून ठेवले. सही तुमचीच का? हो. मग बसायची सोय होती की नव्हती? ताई म्हणाली, "सोय होती. बसायला मिळत नव्हतं." लिहून घेणाऱ्याने लिहून घेतलं, 'सोय होती हे साक्षीदारास मान्य आहे.' उरलेलं वाक्य हवेत गेलं.

आणि मग एक दिवस न्यायालयाचा हुकूम आला. ते स्टूल पुढच्या तारखेला, सोमवारी, हजर करा. मालक हसले. "स्टुलाची साक्ष काढतायत की काय! मास्तर, तुम्हीच घेऊन जा."

शनिवारी संध्याकाळी दुकान आवरल्यावर मास्तर माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात पॉलिशपेपर होता आणि दुकानाच्या दारं-खिडक्यांना लावून उरलेला हिरव्या रंगाचा डबा. त्यांनी मला उताणं केलं, सुलटं केलं, कानाकोपरा घासला. मग दोन हात रंग दिला, मायेने, एक ओघळ येऊ न देता. स्वतःशीच पुटपुटत होते, "तिच्या कामासाठी चाललायस. चारचौघांत नीट दिसायला हवं. माझ्याच्याने तोंडाने काही झालं नाही, निदान हाताने तरी होऊ दे." रविवारी बंद दुकानात मी वाळलो. माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो.

सोमवारी मास्तरांनी मला चादरीत गुंडाळून न्यायालयाच्या व्हरांड्यात आणून ठेवलं आणि ते खोलीचा नंबर बघायला गेले. तेवढ्यात ताई आणि वकीलबाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. वकीलबाई हळू आवाजात बोलत होत्या, पण त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

"कुणाला बोलला नाहीत ना?"

"नाही. मुलीलासुद्धा नाही."

"छान. मालकाला सुगावा लागला असता तर त्याने घासून रंग उडवून ठेवला असता. आज न्यायाधीशसाहेबांना एवढंच दाखवायचं. अकरा वर्षं सहा बायका या स्टुलावर बसत असतील, तर वरचा रंग उडायला नको? त्याच्यावर साधा ओरखडा नाही, म्हणजे कुणाला बसूच दिलेलं नाही. अकरा सह्या एकीकडे आणि हा रंग एकीकडे."

मित्रांनो, मी त्या चादरीखाली होतो. मला चार पाय असून मी हलू शकत नव्हतो, तोंड नसल्यामुळे ओरडू शकत नव्हतो. ज्या रंगाला मी माझा मान समजत होतो, तो खरं तर त्यांच्या अकरा वर्षांच्या उभं राहण्याचा पुरावा होता. आणि तो शनिवारी संध्याकाळी पॉलिशपेपरखाली भुसा होऊन गेला होता.

आत वकीलबाईंनी चादर उचलली. ताज्या रंगाचा वास खोलीभर पसरला. वकीलबाईंचा हात तसाच हवेत राहिला. मालकही चकित झाले, पण त्यांचा वकील क्षणात सावरला. "वापरून वापरून खराब झालं होतं, साहेब. म्हणून रंगवलं असणार." न्यायाधीशांनी माझ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "यावरून काहीच ठरवता येत नाही."

"कुणी रंगवलं ते शोधू," वकीलबाई ताईच्या कानाशी म्हणाल्या. "त्याला उभं करू. आधीचा रंग कसा होता ते त्याला सांगावंच लागेल. अजून वेळ गेलेली नाही."

ताईने दाराकडे पाहिलं. दारात मास्तर उभे होते, दोन्ही हात पुढे बांधून, आशेने. त्यांच्या नखांत हिरवा रंग होता. तिने तो पाहिला आणि तिला सगळं उमगलं. त्यांची राहिलेली थोडी वर्षं, घरातलं आजारपण, आणि आपण काय करून बसलो हे कळल्यावर त्यांचं होणारं तोंड, हे सगळं त्या एका नजरेत तिला दिसलं असावं. तिने वकीलबाईंची बाही धरली.

"नको. राहू द्या."

"अहो, दावा जाईल!"

"जाऊ द्या."

मी तिच्यावर अजून रागावलेला आहे. तिने असं करायला नको होतं, असं मला दर दिवशी वाटतं. पण ती तशीच होती, दुसऱ्याची घडी मोडू नये म्हणून जपणारी.

निकाल महिन्याने लागला. दावा फेटाळला. तो शब्द पत्रात होता तसाच राहिला. त्या दिवशी मास्तर मला परत न्यायला आले होते. व्हरांड्यात ताई भिंतीला टेकून उभी होती. मास्तर चाचरत म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम रंगवलं होतं हो. नीट दिसलं ना?"

तिने माझ्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "छान रंगवलंत, मास्तर. एक ओघळ नाही कुठे."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी मला तिच्यापुढे ठेवलं. "टेका जरा. केव्हाच्या उभ्या आहात."

ती टेकली, अगदी कडेला. तिच्या पायांतली थरथर माझ्या लाकडात उतरली. तेवढ्यात कागदांचा गठ्ठा घेऊन एक शिपाई त्या बाजूने आला, आणि त्याच्या पावलांच्या आवाजासरशी ती ताडकन उठून उभी राहिली. तिला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. शिपायाने तर तिच्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

मालकाने दुकानासाठी दुसरं स्टूल घेतलं आणि मला मास्तरांना देऊन टाकलं. आता मास्तर कामातून सुटले आहेत. त्यांच्या खोलीत खिडकीशी मी असतो. ताईची आठवण म्हणून ते मला रोज पुसतात. रंग खराब होईल म्हणून कुणाला माझ्यावर बसू देत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मला ते सांगायचं नाही. मला फार जपलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. तुम्ही एवढंच करा. कधी एखाद्या दुकानात गेलात, तर काउंटरमागे उभ्या असलेल्या बाईकडे बघा, आणि मग तिच्या मागे एखादं स्टूल आहे का तेही बघा. असलं, तर त्याच्या रंगाकडे नीट बघा. तो जर माझ्यासारखा नवाकोरा असेल, तर कौतुक करू नका. मोठ्याने, मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "मावशी, तुम्ही बसा ना. आम्हाला घाई नाही."

आणि ती खरंच बसेपर्यंत तिथून हलू नका.