तुळशीतल्या बांगड्या

रविवारी संध्याकाळी बाबा मागच्या पडवीत आले तेव्हा मी काच पुसत होते. खिडकीच्या साध्या काचेचे दोन चौकोन, तळहाताएवढे. चंद्रपूरला पुनमताईंकडे मी भट्टीत काच जोडायला शिकत होते आणि आज घरी पहिल्यांदाच करून पाहणार होते. त्यांनी त्यांची जुनी विजेची भट्टी दिली होती, वरून झाकण उघडणारी. आमच्या घुग्घुसची कोळशाची धूळ पुसली की पुन्हा बसते, आणि काचेवर बोटाचा डाग राहिला तरी भट्टीतून ती पांढुरकी होऊन येते. म्हणून पुसतच होते.

"मास्तरीण, भाकर थापून राह्यली का?" मी कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हापासून हेच माझं नाव.

त्यांनी मूठ उघडली. हिरव्या बांगड्यांचे तुकडे, मातीने माखलेले.

"कुठून आणले?"

"तुळशीतून. तुह्या मायले सांगू नको."

आई फुटलेली बांगडी केरात जाऊ देत नाही. तुळशीच्या बुडाशी ठेवते. बाबांनी त्या उकरून काढल्या होत्या.

"बाबा, दोन प्रकारच्या काचा सोबत चालत नाईत. गरम असतात तोवर जमतं. थंड होताना एक जास्त आकसते, एक कमी. मग तडकतात."

"कोणं सांगतलं?"

"पुनमताईनं."

"तिचं लग्न झालं का?"

"नाई."

"मंग तिले काय माहीत? तुही माय अन् मी कुठी एका प्रकारचे हाओ? अन् ह्या काचा तर एकाच घरातल्या. काऊन नाई जमणार?"

आतून आईचा आवाज आला, "काय चाललं तिकडं?"

"काई नाई. तुह्या पोरीची भाकर करपून राह्यली."

मी तुकडे धुतले, पुसले आणि दोन चौकोनांच्या मधे मांडले. काच खाली चिकटू नये म्हणून भट्टीच्या फरशीला पांढरा लेप दिलेला असतो. त्यावर ती जोडी ठेवून झाकण लावलं. आठशे अंशांपर्यंत चढवायची, थोडा वेळ धरायची, मग हळूहळू उतरवायची. उतरतानाही वीज लागते. भट्टी मधूनमधून स्वतःच तापते आणि काचेला एकदम निवू देत नाही. बाबांचा जन्म कोळशाच्या खाणीत गेला होता, त्यांना हे काही पटेना.

"थंड करायलेबी लाईट जाळते का तू?"

"उद्या दुपारी उघडू," मी म्हणाले.

"मी आल्याबिगर उघडू नको."

सोमवारी सकाळी ते चौकात चहाला गेले आणि टपरीच्या बाकावरून कलंडले. टपरीवाल्या अंकुशनेच त्यांना दवाखान्यात नेलं. थोड्या वेळाने तो एकटाच आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. तो काय शब्द बोलला ते मला आठवत नाही. मी भट्टीवरचा आकडा पाहिला. चारशे दहा. तो आठवतो.

माझा भाऊ प्रणित पुण्याहून दुसऱ्या दिवशी पोचणार होता. म्हणून बाबांना ठेवायला बर्फाची पेटी मागवली, विजेवर चालणारी. पेटीवाला घरभर फिरला.

"जाड पिनचा प्लग कुठी हाये, ताई?"

तसा प्लग घरात एकच होता, पडवीत.

"याच्यावर काय लावलं हाये?"

"काच."

"काढू का?"

मी स्वतःच काढला. भट्टीवरचा आकडा विझला. त्याच जागी पेटी लागली आणि घरघरायला लागली. तिच्यावरही आकडे होते. मी ते वाचत बसले.

त्यानंतरच्या दिवसांत बाबांचा फोन वाजला की मीच उचलायचे. "बाहेर गेले आहेत," असं सांगायचे. कॉलेजला कळवलं, घरी जरा अडचण आहे. प्रणितने एकदा ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो अंगणात निघून गेला. भट्टीचं झाकण मी उघडलं नाही.

बाबांची थोरली बहीण, नीलाबाई आत्या, चामोर्शीहून आली होती. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "दहाव्याले नदीवर तुह्या मायच्या, रंभाच्या बांगड्या फोडाच्या. विधवेच्या हातानं फोडतेत. मी हाओ."

तेव्हापासून आई हात पदराखाली घेऊन बसायची. भांडी घासतानासुद्धा बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची, भांड्यावर आपटू नयेत म्हणून. मला ते दिसत होतं. मला आत्याला अडवायचं होतं. पण काहीही बोलायचं म्हटलं तरी सुरुवात एकाच वाक्याने करावी लागली असती, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं.

दहाव्याच्या सकाळी नदीवर न्यायचं सामान भरणं चाललं होतं. मी पडवीत गेले आणि भट्टी उघडली. वीज मधेच तोडली होती, त्यामुळे आत तुकडे असतील असं धरून चालले होते. दोन्ही चौकोन एक झाले होते, कडा वितळून गोल झाल्या होत्या. पण प्रत्येक हिरव्या तुकड्याभोवती केसासारखा बारीक तडा होता. पुनमताई बरोबर होत्या. मी श्वास धरून काच उचलली. ती अख्खी हातात आली.

मागे आई उभी होती. तिने वाकून पाहिलं.

"ह्या माह्या बांगड्या हायेत."

"बाबांनी काढल्या तुळशीतून. रविवारी."

"अन् मी शेजारच्या कोंबड्याइले शिव्या देऊन राह्यली होती, माती उकरली म्हणून." ती हसणार होती, मधेच थांबली. काचेवरून बोट फिरवलं. मग मनगट माझ्यापुढे धरलं. "ह्याबी त्यायनंच घेऊन देल्या, जत्रेत. मले नाई फोडाच्या, दिव्यानी. पण कोणाले म्हणू?"

मी झाकण लावलं. काच टॉवेलात गुंडाळून तिच्या गादीखाली ठेवली.

वर्धा नदीला पाणी कमी होतं. पुरुष वरच्या बाजूला बसले होते. बायकांनी आईला पाण्याजवळ नेलं. आत्याने एक गुळगुळीत दगड निवडला, पाण्यात धुतला आणि पदराला पुसला. तिने आईचा हात हातात घेतला.

"आत्या, थांब."

"आता काय थांबाचं? ऊन डोक्यावर येऊन राह्यलं."

"आईच्या बांगड्या राहू दे."

आत्याने दगड खाली ठेवला नाही. तिच्या स्वतःच्या मनगटांवर काहीच नव्हतं.

"माह्याबी फोडल्या होत्या, पोरी. मी मेली का?"

वर बसलेला प्रणित उठून उभा राहिला. आई माझ्याकडे पाहत नव्हती, पाण्याकडे पाहत होती.

"नाई," मी म्हणाले. "तू नाई मेली. आईबी नाई मेली. बाबा मेले, आत्या. माहे बाबा मेले. तिचा हात सोड."