वडगावचे वाचक

“मामा, हा फोटो न्हाई, चित्र हाय,” करिश्मा कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाली. “त्यांना सांगा, दुसरा पाठवा म्हणावं. ह्याच्यावर श्रद्धांजली कशी छापायची?”

सत्यवान एका फ्लेक्सच्या कडेला दोरी ओवायच्या रिंगा ठोकत बसला होता. शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या त्या दुकानात वाढदिवस आणि मरण हे दोनच धंदे जोरात चालत, आणि दोन्हींचे फोटो लोक सारखेच वाईट पाठवत. कुणाचा लग्नातल्या गर्दीतून कापलेला, कुणाचा गॉगल लावून बुलेटवर बसलेला. चित्र मात्र आजवर कुणी पाठवलं नव्हतं. तो हात पुसत उठला आणि पडद्यासमोर येऊन उभा राहिला.

पडद्यावर त्याच्याच कॉमिकमधला भिमा हसत होता. अंक सोळावा, पान नऊ, खालची चौकट. दौंड स्टेशनात रेल्वेच्या खिडकीशी बसलेला भिमा, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला निघालेला. ही चौकट सत्यवानने तीनदा खोडून चौथ्यांदा काढली होती. चित्राखाली मेसेज होता: ‘कै. संपत गेनबा, वडगाव रासाई. दशक्रिया विधी रविवारी सकाळी. सहा बाय चार. अंगात कोट घालणे.’

“वळखीचं हाय का कुणी?” करिश्माने विचारलं.

“दोघंही,” सत्यवान म्हणाला आणि तिथंच स्टुलावर बसला.

संपत वडगावचा मोटर फिटर. भीमेच्या काठावर कुणाची पाण्यातली मोटर बसली की संपतला हाक. एकोणीस वर्षांपूर्वी सत्यवानने स्वतःचं कॉमिक काढायचं मनावर घेतलं, तेव्हा नायकासाठी त्याला चेहरा मिळेना. समोर माणूस बसल्याशिवाय त्याच्या हातून तोंड उतरत नसे, हा त्याच्या कलेतला गुण म्हणा की खोड म्हणा. त्या दिवशी मोटरची कॉइल भरून घ्यायला शिरूरला आलेला संपत टपरीवर चहा पीत होता. सत्यवानने समोर बसून वहीत त्याला उतरवलं, आणि ‘मोटरवाला भिमा’ जन्माला आला.

वर्षाला एक अंक, कधी दोन. लिहायचं सत्यवानने, काढायचं सत्यवानने, पानं दुमडून पिना मारायच्याही सत्यवानने. मग दहा-दहाचा गठ्ठा करून सुतळीची दुहेरी गाठ. ही गाठ त्याच्या वडिलांनी मिशनच्या गोदामात गीतांच्या पुस्तकांचे गठ्ठे बांधताना त्याला शिकवली होती. ती ओढून सुटत नाही, कापावी लागते. असे बावीस अंक झाले. शिरूरच्या पेपरवाल्याकडून निम्मे परत यायचे. दौंड स्टेशनावरच्या स्टॉलवाल्याने ठेवून घेणंच बंद केलं. चर्चमध्ये लोक हातात घेत, छान म्हणत आणि बाकावर विसरून जात. पण वडगावला चाळीस जायचे, आणि एक परत येत नसे.

संपतच ते घेऊन जाई, गोणपाटात गुंडाळून. साखरबाईच्या किराणा दुकानात ठेवतो म्हणे. महिन्याभराने कॉइल घेऊन पुन्हा आला की वाचकांचा निरोप सांगे. “चांगला हाय म्हणत्यात. पर साखरबाई म्हणली, भिमाच्या गालावरचा डाग तेवढा पुसा.” स्टार्टर पेटून संपतचा डावा गाल भाजला होता, आणि सत्यवानने पहिल्या अंकात तो जसाच्या तसा काढला होता. तिसऱ्या अंकापासून भिमाचा गाल साफ झाला. मग वाचकांना भिमाचं लगीन नको, लेक पाहिजे झाली. सत्यवानने लगीनही लावलं आणि सई नावाची लेकही दिली. मग लोकांना वाटलं, भिमानं एकदा रेल्वेत बसून समुद्र बघावा. सत्यवान त्यासाठी दोन दिवस दौंडच्या फलाटावर वही घेऊन बसला होता. वाचक असे हट्ट करतात म्हणजे गोष्ट त्यांच्या घरात गेली, असं तो बायकोला, ग्लॅडिसला, सांगायचा. ग्लॅडिस दवाखान्यात नर्स. तिला चित्रातलं फारसं कळत नसे, पण ती म्हणायची, “वडगाववाले वाचतायत ना, मग काढा.” एवढ्या एका वाक्यावर सत्यवानचं गेली कैक वर्षं चाललं होतं.

करिश्माने तयार कोटांमधला निळा कोट निवडला आणि त्यावर भिमाचं डोकं बसवलं. संपतने जन्मात कोट घातला नव्हता. गळ्याशी जोड दिसत होता, तेवढा सत्यवानने तिला नीट करायला सांगितला.

रविवारी तो चर्चला गेला नाही. फ्लेक्सची गुंडाळी मोटरसायकलला आडवी बांधून सकाळीच वडगावला पोचला. संपतचा थोरला भाऊ हौसराव दारातच भेटला.

“तुम्हीच व्हय शिरूरचे चित्रवाले? मला काय ठावं. फोटूच सापडंना बघा. गालामुळं कुणाला काढू देत नव्हता. आधार कार्डावरचा बघवत न्हाई. मग मोटरच्या खोलीत हे घावलं. म्हनलं, चेहरा तर त्याचाच हाय.”

“मला कुणी कळवलं नाही.”

“अवो, नदीवर मोटर काढता काढता बसला तो बसलाच. कुणाला काय सुचतंय तवा?”

आतून पुतळाबाई आल्या. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. संपतची बायको, कधीमधी त्याच्याबरोबर शिरूरला आल्यामुळे सत्यवानला ओळखणारी. त्यांनी किल्ली घेतली आणि म्हणाल्या, “भावजी, जरा चला. तुमचा माल हाय तिकडं. घिऊन जा. मला ती खोली भाड्यानं द्यायचीय.”

खोली नदीकडच्या बांधाला होती. आत जळक्या तारेचा वास. भिंतीशी खतांच्या गोण्यांवर ओळीने गठ्ठे रचलेले, वर प्लास्टिक. सत्यवानने प्लास्टिक उचललं. दहा-दहाचे गठ्ठे, प्रत्येकाला सुतळी, प्रत्येक सुतळीला दुहेरी गाठ. गाठ त्याचीच होती. तो वाकून एकेक बघत गेला. दर अंकाचा एकच गठ्ठा कापलेला, आणि त्यातलीही एकच प्रत कमी. बाकी कशालाच कात्री लागलेली नव्हती.

“हे साखरबाईंच्या दुकानात ठेवायचे ना?”

“दुकानात कुठं? शिरूरवरनं थेट हितं. मी म्हणायची, कशाला आणताय रद्दी, ठेवायला जागा न्हाई. म्हणायचे, गप. तो माणूस काढायचा थांबंल.”

“पण साखरबाई सांगायच्या की. डाग पुसा, लेक होऊ दे...”

पुतळाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “साखरबाईला कुठं वाचाया येतंय, भावजी? लेक त्यांनाच पायजे व्हती. आमाला झाली न्हाई. आन् रेल्वेचं तर काय, हितनं दौंड ते केवढं. दरसाली म्हणायचे जाऊ, जाऊ.”

स्टार्टरच्या पेटीवरच्या फळीवर कमी पडलेल्या त्या प्रती होत्या. बावीस अंक, पानोपानी काळ्या ग्रीसचे अंगठे. सोळाव्या अंकाचं नववं पान सगळ्यात काळं होतं.

सत्यवान गोणीवर टेकला. त्याला संपतचा राग आला, खूप आला, आणि मेलेल्या माणसावर रागावलो म्हणून स्वतःची लाजही वाटली. एकोणीस वर्षं आपण एका गावासाठी चित्रं काढतोय असं तो समजत होता. ते गाव म्हणजे ही दहा बाय दहाची खोली. त्यात एक माणूस बसायचा, आणि आता तोही उठून गेला होता.

नदीवर सगळे जमले होते. पिंड ठेवून लोक मागे सरले. झाडावर दोन कावळे बसले होते, पण खाली उतरायला तयार नव्हते. हौसराव पुढे होऊन म्हणाला, “संपत, पुतळाबाईला अंतर देणार न्हाई.” कावळे हलले नाहीत. कुणी विडी ठेवली, कुणी चहाचा कप. कुणी म्हणालं, मोटरची हत्यारं विकणार न्हाई. अर्धा तास झाला. ऊन चढलं.

सत्यवान चपला काढून बाजूला उभा होता. असल्या गोष्टी त्याच्या धर्मातल्या नव्हत्या आणि त्याचा त्यावर विश्वासही नव्हता. पण पुतळाबाई बायकांमधून त्याच्याकडेच बघत होत्या. मग हौसरावही बघू लागला. सत्यवान दोन पावलं पुढे झाला.

“संपत,” तो म्हणाला, “तेविसावा अंक काढतो.”

एक कावळा उडाला तो पलीकडच्या काठाला गेला. दुसरा तिथंच मान आत ओढून बसला. आणखी थोडा वेळ वाट पाहून भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि लोक घाईघाईने सावलीतल्या पंगतीकडे निघाले. सत्यवान काठावरच राहिला. संपतने त्याच्याकडून आजवर कायकाय मागून घेतलं होतं. हा अंक त्याने घेतला नाही, असं सत्यवानच्या मनानं धरलं, आणि ते मग सुटलं नाही.

घरी ग्लॅडिसने विचारलं, “वडगावचे लोक भेटले? काय म्हणाले?”

“चांगला होता म्हणाले,” सत्यवान म्हणाला.

शाईच्या बाटल्या त्याने कपाटात वर ठेवल्या. ग्लॅडिसने महिनाभर वाट पाहिली आणि मग विचारणं सोडलं.

पावसाळ्याच्या तोंडावर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधायला त्याला वडगावला जावं लागलं. परतताना तो संपतच्या घराशी थांबला. अंगणात कांद्याचा ढीग होता आणि त्यावर सहा बाय चारचा तो फ्लेक्स पसरलेला. उन्हाने पिवळा रंग गेला होता, तांबडा गेला होता, निळ्या कोटाचा नुसता राखाडी धब्बा उरला होता. भिमाच्या तोंडाची काळी रेघ मात्र जशीच्या तशी होती. आभाळाकडे बघून तो हसत होता. सत्यवानचं एवढं मोठं चित्र आजवर छापलं गेलं नव्हतं.

पुतळाबाई बाहेर आल्या. “जाड हाय चांगला,” त्या म्हणाल्या. “पाणी आत जाऊ देत न्हाई.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “भावजी, रोज बघती मी ह्याच्याकडं. हे मला आमचे वाटत न्हाईत. गालावर तेवढा डाग घालता का? हाय का रंग काय?”

सत्यवानच्या खिशात काळा मार्कर होता. त्याने तो काढला, टोपण उघडलं आणि ढिगापाशी गुडघ्यावर बसला. डावा गाल त्याच्या हाताशी होता. तो डाग त्याला पाठ होता, कानापासून हनुवटीपर्यंत, मध्ये थोडा तुटलेला. दोन मिनिटांचं काम.

त्याने मार्करचं टोक गालापर्यंत नेलं. मग त्याने टोपण लावलं.

“वहिनी, वाचकांनी नको म्हटलंय,” तो म्हणाला.

वारा सुटला होता, फ्लेक्सची एक कड उडत होती. पुतळाबाईंनी एक दगड उचलून आणला, सत्यवानने दुसरा आणला, आणि दोघांनी ती कड दाबून टाकली.