देवाच्या जागेवरचा काळा दोरा

मी एक जुना रुश्निक आहे, मित्रांनो. नावाचा अर्थ हात पुसायचं फडकं. पण मला हात पुसून तर बघा, माझी मालकीण हान्ना तुम्हाला घराबाहेर काढेल!

तिच्या आईनं जवसाचं सूत कातून मला विणलं आणि दोन्ही टोकांना लाल पक्षी भरले. हान्नाच्या लग्नात नवरा-नवरी माझ्यावर उभी राहिली. आधी पाय ठेवेल त्याचं घरात चालतं, असं आमच्याकडे मानतात. हान्नानं टुणकन उडी मारली. "गेलास रे बाबा कामातून!" पाहुणे नवऱ्याला म्हणाले. काय ते दिवस होते! पुढं मी देवाच्या तसबिरीवर मिरवलो आणि मग पेटीत विसरला गेलो.

नंतर लढाई आली. परक्या सैनिकांनी हान्नाच्या मुलीला, उल्यानाला, गावातल्या इतर बायकांसोबत गिरणीच्या तळघरात कोंडलं आणि त्यांच्यावर अत्याचार केले. सैनिक गेले, उल्याना घरी आली, पण तिनं बोलणंच सोडलं. हान्ना तिच्यापुढं बोर्श्टची, म्हणजे बिटाच्या सुपाची, वाटी ठेवायची आणि दाराआड जाऊन रडायची.

हिवाळ्यात बायका हान्नाकडं भरतकामाला जमायच्या. एकदा उल्यानानं मला पेटीतून काढलं, काळा दोरा ओवला आणि सुई थेट माझ्या मधोमध टोचली. शेजारची म्हातारी मोत्र्या मावशी किंचाळली.

"अगं बये, लग्नाच्या रुश्निकाची मधली जागा कोरी ठेवतात! ती देवाची!"

"मग देवालाच दाखवते," उल्याना म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज ऐकू आला.

"हान्ना, तुझ्या लग्नाचा आहे हा! सांग की पोरीला!"

"मोत्र्या, उजेडातून बाजूला हो," हान्ना म्हणाली. "पोरीला दिसत नाहीये."

तळघराचं दार, बिलगलेल्या बायका, जिन्यावरचे बूट असं सगळं माझ्या अंगावर उमटलं. प्रत्येक टाका मला दुखला. वसंतात सैनिकांच्या गुन्ह्यांची चौकशी करायला तपासणीसबाई आल्या, तेव्हा उल्यानानं मला टेबलावर पसरलं आणि चित्रांवर बोट ठेवत सगळं सांगितलं. तिचा आवाज कापला, पण थांबला नाही.

बाई गेल्या. ऐकत बसलेली मोत्र्या मावशी मात्र उठेना.

"उल्याना, थोडी जागा उरलीय का गं?" ती हळूच म्हणाली. "माझ्याही घरात आले होते ते."

मित्रांनो, मला बघायला आलात तर 'छान आहे' म्हणून पुढं जाऊ नका. मावशीचं चित्र अजून अर्धंच आहे. ती भरते, उसवते, पुन्हा भरते. तिच्याजवळ बसा, पण तिला घाई करू नका.