ढकललं कोणी

खेळवाल्या मावशीने लाकडी घोडा आणि गाय टेबलावर मांडली आणि कागदावर चौसष्टाव्या, म्हणजे शेवटच्या मुलीचं नाव लिहिलं. भिंगरी, वय साडेचार. विद्यापीठात मावशी संशोधक होती, या इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत खेळवाली. कंबर मात्र दोन्हीकडे सारखीच दुखायची, कारण इथल्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या होत्या.

"द काउ इज पुश्ड बाय द हॉर्स," ती म्हणाली. "करून दाखव बघू."

या इंग्रजी वाक्यात ढकलतो घोडा, पण नाव आधी येतं गाईचं. लहान मुलं ज्याचं नाव आधी ऐकलं त्यालाच ढकलणारा समजतात आणि गाईकडून घोड्याला ढकलून मोकळी होतात. मावशीच्या पाहणीत मात्र साडेतीन वर्षांची पोरंसुद्धा बिनचूक उत्तरं देत होती. तिचे मार्गदर्शक सर बेहद्द खूश होते. दोन वर्षांचं काम सोमवारी सादर करायचं होतं, मग ती आठवडाभर नुसती झोपणार होती.

भिंगरीने घोड्याकडून गाय ढकलली. पुढची चार वाक्यंही बरोबर. मावशीने जांभई दाबत कागदावर बरोबरच्या खुणा केल्या.

"हुशार आहेस. कसं कळतं गं तुला?"

"सोपंय. तू ज्याच्याकडे बघतेस ना, तोच ढकलतो."

मावशीचं पेन थांबलं.

"मी बघते?"

"बघतेस की. असं." भिंगरीने घोड्याकडे चोरून पाहिलं आणि साळसूद चेहरा केला. "मला ताईने सांगितलं. तिचा नंबर आधी झाला होता."

ऐकलंच नाही असं मावशीला दाखवता आलं असतं. साडेचार वर्षांच्या पोरीचं कोण मनावर घेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने कागद घडी घालून पिशवीत ठेवला, परत काढला. मग खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसली.

"आता कुत्रा आणि मांजर घे. द डॉग इज पुश्ड बाय द कॅट."

मागे लाकूड घासल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं. कुत्रा मांजराला टेबलाच्या कडेपर्यंत रेटत चालला होता. तिने आणखी सहा वाक्यं भिंतीला ऐकवली. सहाही उलटी झाली.

"बरोबर आहे ना?" भिंगरीने विचारलं.

"तू छान खेळलीस. जा वर्गात."

मावशीला रडू येत होतं, पण त्यालाही ताकद लागते. तिने सरांना फोन लावला.

"सर, सोमवारचं रद्द करा. मुलांना वाक्य कळत नव्हतं, माझे डोळे कळत होते. सगळं पुन्हा करावं लागेल."

सरांनी आवाज खाली आणून विचारलं, "हे अजून कोणाला माहितीये?"

"बालवाडीत सगळ्यांना, सर."