बटणांचा डबा दवाखान्यात गेला

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एक डबा डोळ्यांपुढे आणा. गोल, पत्र्याचा, झाकणावर निळं फूल, एका बाजूला पोचा. दिसला? तोच मी! मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. बिस्किटं मात्र हातोहात संपली आणि माझं खरं आयुष्य त्यानंतरच सुरू झालं.

एका शिंप्याने मला दुकानात नेलं आणि माझ्यात बटणं भरली. शिंपल्याची, लाकडी, पितळी! गिऱ्हाईक कितीही चोखंदळ असो, त्याच्या सदऱ्याला शोभेलसं बटण माझ्या पोटात सापडायचंच. "हा डबा म्हणजे माझा उजवा हात," असं शिंपी सगळ्यांना सांगायचे. मी ताठ बसून ऐकायचो.

पुढे त्यांची नजर अधू झाली, दुकान बंद झालं, बटणं वाटली गेली. मी फळीवर धूळ खात पडलो. रिकामा डबा फार वाजतो म्हणतात. मला तर हलवायलाही कुणी येत नव्हतं.

शिंप्यांचे आजोबा झाले, तेव्हा माझ्यात गोळ्या आल्या. काही हृदयाच्या डॉक्टरांच्या, काही किडनीच्या डॉक्टरांच्या. दोन दवाखाने, शहराच्या दोन टोकांना. दोन्हीकडे विचारत, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" आणि आजोबा दोन्हीकडे मान हलवत, "छे, काही नाही."

"आजोबा, खोटं का बोललात?" नातीने एकदा विचारलंच.

"अगं, एका शिंप्याचं काम दुसऱ्याला दाखवलं की तो नाक मुरडतो. डॉक्टरांना कशाला वाईट वाटू द्यायचं?"

नात तेव्हा सायकल शिकत होती. आजोबा मागून सीट धरून चालायचे. पण उठताबसता त्यांना चक्कर येऊ लागली. एका सकाळी सीट धरल्याधरल्याच ते मटकन खाली बसले, चेहरा पांढराफटक. "वय झालं गं," ते म्हणाले. "आता बाबांकडून शीक." सायकल भिंतीला टेकून उभी राहिली आणि आजोबांनी अंगणात येणंच सोडलं.

हृदयाच्या डॉक्टरांकडे जायच्या दिवशी नातीने मला काखोटीला मारलं.

"अगं, कागद घे की. डबा कशाला?" आई म्हणाली.

"कागद आजोबा गादीखाली लपवतात. डबा लपत नाही, वाजतो!"

मित्रांनो, त्या दिवशी मी डॉक्टरबाईंच्या चकचकीत टेबलावर बसलो, थेट संगणकाच्या शेजारी! नातीने मला पालथं केलं. बाईंनी एकेक पाकीट उजेडात धरून वाचलं आणि दोन पाकिटं जवळजवळ ठेवली.

"वरची नावं वेगळी, आतलं औषध एकच. रक्तदाब कमी करायचं. ते दुप्पट जातंय, म्हणून ही चक्कर. आमच्या संगणकात आमच्याच गोळ्या दिसतात, त्यांच्या संगणकात त्यांच्या. एकत्र येतात त्या फक्त या डब्यात. आजोबा, आम्ही दोघांनी तुम्हाला एकावर एक दोन सदरे चढवले आणि तुम्ही ते गुपचूप घालून फिरताय!"

"मग गुदमरणारच की हो," आजोबा ओशाळून हसले.

बाईंनी तिथूनच किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांनी बोलून कुठली गोळी ठेवायची ते ठरवलं. मग बाईंनी माझ्या झाकणावर टिचकी मारली. "पुढच्या वेळी यालाही घेऊन या." अशी शाबासकी कुठल्या डब्याला मिळाली असेल?

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. मोठ्यांच्या गोळ्या आपल्या मनाने कमीजास्त करू नका. पण डॉक्टरांकडे निघताना सगळी औषधं बरोबर घ्यायची आठवण मात्र करा. दोन दवाखाने एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांच्यात बोलणं घडवायला एक डबाही पुरतो.

हळूहळू आजोबांची चक्कर थांबली. काल त्यांचा दात दुखू लागला. दातांचे डॉक्टर पलीकडच्याच गल्लीत. "दाताला डबा कशाला गं?" आजोबा कुरकुरले.

नातीने मला सायकलच्या टोपलीत नीट बसवलं, सीटवर चढली आणि मागे न बघता म्हणाली, "आजोबा, धरा."