‘बघू’ हेही उत्तर धरतात

“आत्या, परत काहीच दाबलं नाहीस तू! नुसती बघत बसलीस.”

भाची माझ्या कानाशी कुरकुरत होती. डायलिसिसच्या खोलीबाहेरचा बाक एवढा तोकडा, की कुरकुर कानातच करावी लागते. आत माझे वडील, नाना, मशीनला जोडलेले. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. माझा भाऊ, दादा, आणि वहिनी कामावर जातात, म्हणून बाकावर आम्ही दोघी. चार तास मी भिंतीकडे बघत बसते म्हणून भाचीने तिच्या टॅबवरचा खेळ माझ्या मांडीवर ठेवला होता.

“अगं, ती रेघ संपायची वाट बघत होते,” मी म्हटलं. “खाली बारीक होत जाते ती. मला वाटलं, खेळ अजून उघडतोय.”

“ती रेघ म्हणजे तुझा वेळ, आत्या. ती संपायच्या आत उत्तर द्यायचं असतं.”

“मग तसं लिहायला काय होतं त्यांना?”

तिने कपाळावर हात मारला. म्हणजे दोन दिवस मी शहाण्यासारखी ती रेघ संपू देत होते आणि तिकडे खेळातली माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

खेळ असा : डोंगरातलं एक हॉटेल. बर्फ पडून रस्ता बंद झालेला. मी तिथली व्यवस्थापक. आत पाच-सहा माणसं अडकलेली, आणि एक म्हातारा आचारी. कोणी काही विचारलं की खाली तीन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. त्यावरून पुढची गोष्ट वळते. बंदूक नाही, मारामारी नाही. भाची म्हणाली, “तुला जमेल. नुसतं बोलायचं तर आहे.”

नुसतं बोलायचं! आमच्या घरात जन्म काढलेल्या बाईला हे सांगत होती.

“आणि ही शेवटी टिंबं आहेत ती?”

“ते म्हणजे गप्प बसणं. तू काही नाही निवडलंस तर खेळ टिंबं धरतो. तेही उत्तरच.” मग तिने तोंड वाकडं केलं. “म्हणजे आपल्या घरचं ‘बघू’.”

मी हसले. न हसून करते काय? आमच्या घरात ‘नाही’ कोणी म्हणत नाही आणि ‘हो’ तर त्याहून नाही. छत गळतंय? बघू. भाचीला दुसऱ्या गावी शिकायला जायचंय? बघू. वीस वर्षांपूर्वी मी नवऱ्याचं घर सोडून बॅग घेऊन दारात उभी राहिले, तेव्हाही दादा म्हणाला, “ये आत, बघू.” अजून बघतायत. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. लोकांच्या पँटी आखूड करते, चेन बदलून देते. शिवण कोणाकडे शिकले नाही. जुने कपडे उसवले आणि उलटं कसं जायचं ते समजून घेतलं.

म्हणून भाचीला म्हटलं, “मागे जाता येतं का? चुकलेलं उसवून टाकते.”

“येतं. पण पहिल्यांदा खेळताना जायचं नाही. चुकलं तर चुकलं. आणि हुशार बाई काय म्हणेल ते शोधायचं नाही, तू काय म्हणशील ते दाबायचं. नाहीतर खेळून उपयोग काय?”

“शिवताना मी दहादा उसवते.”

“हा पायजमा नाहीये, आत्या.”

आतून सिस्टर बाहेर आली. आम्ही दोघी एकदम उठलो. “प्रेशर खाली आलं होतं,” ती म्हणाली. “वेग कमी केलाय. बसा.” आम्ही बसलो.

हे आता दर वेळी होतं. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी दादाला, वहिनीला आणि मला खोलीत बोलावून सरळ सांगितलं होतं. नानांचं हृदय आता मशीन सोसत नाही. चालू ठेवलं तर मशीनवरच केव्हातरी जातील. थांबवलं तर घरी, आपल्या अंथरुणात, आठ-पंधरा दिवस. वेदना होणार नाहीत असं बघता येईल. “ते शुद्धीवर आहेत, शहाणे आहेत,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना सांगा आणि काय हवं ते विचारा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो.” दादा म्हणाला, “नको, नको, आम्हीच सांगू.” जिना उतरताना वहिनीने विचारलं, “कधी?” दादा म्हणाला, “बघू.”

भाचीला कोणी सांगितलं नव्हतं. तिने भिंतीपलीकडून ऐकलं, आणि मग दादाने तिला शपथ घातली, नानांना बोलायचं नाही.

नाना लिफ्ट दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली की दाराला तोंड लावून आधी बोलायचे, मग पाना हातात घ्यायचे. जेवताना आम्हाला सांगायचे, “आत अडकलेल्याला ‘झालंच’ म्हणायचं नाही. किती वेळ लागणार ते सांगायचं. तास लागणार असेल तर तास. माणूस तासभर उभा राहतो. ‘झालंच’वर पाच मिनिटांत दार बडवायला लागतो.” भाची लहानपणी प्रत्येक गोष्ट तपासून बघायची, म्हणून ते तिला ‘इन्स्पेक्टर’ म्हणत. लिफ्ट तपासायला वर्षातून एकदा यायचा, तो.

मी पुन्हा खेळात डोकं घातलं. आचारी दर प्रकरणात एकच विचारतो : “रस्ता उघडणार का, बाई?” पहिल्यांदा माझी रेघ संपली होती. दुसऱ्यांदाही. आता कळत होतं, तर मी ‘उद्या उघडेल’वर बोट ठेवलं. त्याचा चेहरा एवढा उजळला की मला बरं वाटलं. तिसरं उत्तर ‘नाही उघडणार’ असं होतं. पण एवढ्या म्हाताऱ्या माणसाला असं तोंडावर कोण म्हणतं?

पुढच्या प्रकरणात आचाऱ्याची खोली रिकामी. पलंगावर घडी घातलेला अॅप्रन. उद्या उघडणार म्हणून तो पहाटे, सगळ्यांच्या आधी, बॅग घेऊन खाली निघाला होता. तिसऱ्या वळणावर सापडला.

मी टॅब भाचीच्या मांडीवर ठेवला.

“मागे ने मला.”

“आत्या, पहिल्यांदा…”

“ने म्हणते ना!”

तिने नेलं. मी ‘नाही उघडणार’ दाबलं. आचारी स्टुलावर बसला. मग म्हणाला, “बरं झालं सांगितलंत.” त्याने सुऱ्या पुसून ओळीने मांडल्या. सगळ्यांना बोलावून सूप वाढलं, एका पोराला कणीक कशी मळायची ते दाखवलं. दोन प्रकरणांनंतर शेगडीजवळच्या खुर्चीत गेला.

“म्हणजे मरतोच?”

“मरतोच,” भाची म्हणाली. “मी सात वेळा खेळलेय. काही माणसं वाचत नाहीत, काहीही दाब. नवीन खेळणारे तिथेच अडकतात. वाचवायचं बटण शोधत बसतात.”

“मला टोमणे कळतात हं.”

“मी कुठे काय म्हटलं? खेळ म्हणाला.” पण तिने टॅब पालथा ठेवला. “काल आजोबांनी मला विचारलं, ‘इन्स्पेक्टर, काय रिपोर्ट?’ आत्या, मी… टिंबं दिली.”

मी तिचा हात हातात घेतला. सुईने भोकं पडलेली माझी बोटं, तिची गार.

तेवढ्यात दादा आला, ऑफिसातून, गळ्यात ओळखपत्र तसंच. त्याच वेळी सिस्टरने दार उघडलं. “आज दोन तासांतच थांबवलंय. प्रेशर राहतच नाहीये. डॉक्टर म्हणतायत, पुढच्या वेळेआधी तुमचं काय ते कळवा.”

दादाने तिच्याकडे बघून मान हलवली. हो अशीही नाही, नाही अशीही नाही.

नाना पलंगावर उशीला टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा, कोपराजवळ पट्टी. त्या हाताला बोट लावलं की आत घरघर लागते. मशीनसाठी शिरा जोडून घेतल्या तिथे. पूर्वी ते भेटायला येणाऱ्याला बोट लावायला लावायचे आणि म्हणायचे, “मोटार चालू आहे.” आज त्यांनी पट्टीवर दुसरा हात झाकून धरला होता.

“आज लवकर सोडलं,” ते म्हणाले.

“हो, आज गर्दी आहे ना,” दादा म्हणाला.

नानांनी शेजारचे तीन रिकामे पलंग पाहिले. मग दादाकडे पाहिलं. “डॉक्टर काय म्हणतात?”

“चाललंय म्हणाले. बघू.”

“झालंच, असं ना?”

दादा खिडकीशी गेला आणि पडदा सरळ करू लागला. तो सरळच होता. भाचीने टॅब छातीशी धरला होता, पाटी धरावी तसा. नाना आता माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. दाराला तोंड लावून कोणीतरी बोलेल, अशा आशेने आतून माणूस बघत असेल, तसं.

ती रेघ मला दिसत होती. दोन्ही टोकांकडून बारीक होत आत येणारी. तीच एक रेघ, जी मी जन्मभर सभ्यपणे संपू दिली.

“अगं,” दादा पडद्याकडे तोंड करून मला हळूच म्हणाला, “नको.”

मी पलंगाच्या कडेवर बसले. नानांचा झाकलेला हात बाजूला केला आणि पट्टीच्या वर बोट ठेवलं. घरघर होती, पण दूरची.

“नाना,” मी म्हटलं, “तुम्ही आता बरे होणार नाही. डॉक्टरांनी सांगून महिना झाला. मशीन थांबवून घरी यायचं का, हे तुम्हाला विचारायचं राहिलंय.”